बिडीचा ठेका, महानुभाव पंथ आणि भंडाऱ्याची निवडणूक

1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले, एवढे आमच्या भागात बहुतेकांना ठाऊक असते. ती पोटनिवडणूक मुळात का लागली, असे विचारले की जाणकारही गप्प होतात. आम्हीसुद्धा वर्षानुवर्षे वर्गात राज्यघटना शिकवीत आलो, आणि आमच्याच मुलखातला हा खटला आम्हाला फार उशिरा कळला.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते आणि भंडारा मध्यप्रदेशात, राजधानी नागपूर. लोकसभेसाठी कायदा संसदेचा, देखरेख निवडणूक आयोगाची, पण उमेदवारी अर्ज तपासणारा निर्णय अधिकारी राज्याच्या नोकरीतला. ही सांगड आजही तशीच आहे. भंडारा मतदारसंघ दुहेरी होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. पहिल्या निवडणुकीत दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या. चतुर्भुज जसानी आणि तुलाराम साखरे निवडून आले.

काही मतदार न्यायाधिकरणात गेले. त्यांच्या दोन तक्रारी होत्या. जसानी हे मूलजी सिक्का या बिडी कंपनीचे भागीदार, आणि कंपनी सैनिकांसाठी सरकारला बिड्या पुरवीत होती. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे सरकारशी असा ठेका असलेल्याला उभे राहता येत नव्हते. तेंदूपत्त्याच्या आमच्या मुलखातली बिडी अशी थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचली.

दुसरी तक्रार आम्हाला अधिक जवळची वाटते. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. ते जन्माने महार, पण महानुभाव पंथात गेलेले. हरकत अशी घेतली गेली की हा पंथ जातिभेद मानत नाही, तेव्हा ठवरे आता महार राहिले नाहीत. निर्णय अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला.

फेब्रुवारी 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस पूर्वी नागपूरलाच मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी साधे प्रश्न विचारले. जुनी बिरादरी या माणसाला काय समजते? त्याचा स्वतःचा इरादा काय? नव्या पंथाचे नियम काय सांगतात? ठवरे यांना महार समाजाने आपलेच मानले होते, त्यांचे लग्नसंबंधही तिथलेच. तेव्हा ते महारच, अर्ज फेटाळणे चूक, आणि निवडणूक पूर्ण रद्द.

मे 1954 मध्ये पुन्हा मतदान झाले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता जिंकले. राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी बाबासाहेबांना आठ हजारांवर मतांनी हरवले. दोनच वर्षांनी, 1956 साली, बाबासाहेब बौद्ध झाले, आणि 1950 च्या आदेशाप्रमाणे बौद्धांना राखीव जागेचे दार बंदच होते. ते 1990 साली उघडले. शिखांसाठी 1956 मध्येच उघडले होते.

मुसलमान आणि ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. बिरादरी काय समजते, हा बोससाहेबांचा प्रश्न त्यांना कोणी विचारतच नाही, कारण आदेशात धर्माचा रकाना आधी येतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत मात्र हलालखोर आणि लालबेगी ही नावे छापलेली आहेत. आम्ही ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा ही दोन नावे पुन्हा पुन्हा वाचली होती.