चौदा आणे

शनिवार, १२ मार्च १९२७. पहाटे तुम्ही परळच्या बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावर उभे आहात. गिरणीचा भोंगा झालाय, जिन्यावर उतरणाऱ्यांची झुंबड. ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या शोधा. एकीत डॉ. आंबेडकरांच्या पत्नी रमाबाईंचा संसार, दुसरीत डॉक्टरांची पुस्तकं. गेल्या जुलैत या घरातला धाकटा मुलगा, राजरत्न, गेला.

आता मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात या. सुटातले, पस्तिशीचे बॅरिस्टर उठताहेत ते डॉ. आंबेडकर. त्यांना कुणी मत दिलेलं नाही. अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून सरकारने नेमलंय. नेमलेला माणूस सरकारची री ओढणार, असं तुम्ही धरून चालला असाल तर पंधरवड्यापूर्वीचं बजेटवरचं भाषण तुमचं हुकलंय. छोट्या मिळकतीला प्राप्तिकर माफ, मग एकराच्या धन्याकडून पीक येवो न येवो सारा का उकळता, असं त्यांनी सरकारलाच विचारलं होतं.

आज विषय शिक्षणाचा. भाषण इंग्रजीत चाललंय. कान द्या, आकडे येताहेत. या इलाख्यात शिक्षणावर माणशी खर्च चौदा आणे. आणि दारूच्या अबकारीतून माणशी वसुली? दोन रुपयांच्या वर. या गतीने शाळेच्या वयाचे सगळे मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षं लागतील, मुलींना तीनशे. आवाज चढवायची गरजच नाही. अर्थशास्त्र शिकलेला माणूस सरकारला सरकारच्याच चोपडीतून पकडतोय. मला विचाराल तर ही त्यांची खरी हातोटी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. याच मंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झालाय: सार्वजनिक पैशातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पण तिथे अजून एकाही अस्पृश्याने पाणी प्यायलेलं नाही. ठराव दप्तरात, पाणी तळ्यात.

पुढच्या शनिवारी डॉक्टर महाडला परिषदेत असतील. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, ते चवदार तळ्यात उतरून ओंजळभर पाणी पितील.