हजेरीपटावरील अक्षर

लिपीचा इतिहास सांगताना विद्वान राजांच्या शिलालेखांपासून आरंभ करतात. आम्हीही तेथूनच निघतो. परंतु आम्हाला पोहोचावयाचे आहे ते कष्टकऱ्यांच्या बोलीतील एका अक्षरापाशी.

इथिओपियाची गीझ लिपी प्रारंभी केवळ व्यंजनांची होती. इसवी सनाच्या चौथ्या शतकात, अक्सूमचा राजा एझाना याच्या काळात, तिच्यात स्वर आले. व्यंजनाचा कोठे पाय लांबला, कोठे त्याला कडे चिकटले, कोठे अंगच मोडले. अशी प्रत्येक व्यंजनाची सात रूपे झाली. पुढे गीझ भाषा बोलण्यातून गेली आणि चर्चच्या प्रार्थनेत राहिली. लिपी मात्र अम्हारिक व तिग्रिन्या या भाषांनी चालू ठेवली.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. पूर्वी ज्याचे त्याचे कोष्टक निराळे असे. एका यंत्रावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की त्याचा चिवडा होई. म्हणून जगातील सर्व लिप्यांचा एकच हजेरीपट मांडण्यात आला. त्याचे नाव युनिकोड. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी त्यावर आली. गीझ आली १९९९ मध्ये, ३४५ चिन्हांसह.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. देवनागरीत व्यंजन, मात्रा आणि हलन्त यांना वेगवेगळे आकडे आहेत. ‘म्व’ लिहावयाचे तर म, हलन्त आणि व हे तीन आकडे जोडले की काम होते. नवा आकडा कोणाकडे मागावा लागत नाही. गीझमध्ये स्वराने अक्षराचा आकारच बदलतो, म्हणून तेथे प्रत्येक पूर्ण अक्षराला स्वतंत्र आकडा दिला गेला. ही पद्धत सोयीची खरी. पण तिच्यात जे अक्षर मोजणीतून सुटले, ते जोडून तयार करता येत नाही. ते बाहेरच राहते.

असे बाहेर राहिलेले लोक म्हणजे गुरागे. अदिस अबाबाच्या नैर्ऋत्येकडील हा समाज. हमाली, बूटपॉलिश, किरकोळ व्यापार अशा कामांत त्याने राजधानीत घाम गाळला. त्याच्यातील ‘सेबात बेत’, म्हणजे सात घरांच्या, बोलींना ‘म्व’, ‘ब्व’, ‘फ्व’, ‘प्व’ या उच्चारांची आणखी रूपे लागत. १९९९ च्या पटावर ती नव्हती. २००५ मध्ये अशी १६ अक्षरे दाखल झाली. त्यांतील पहिल्या ‘म्व’चा आकडा ४९९२. गुरागे भाषांसाठी आणखी २८ अक्षरे यावयास २०२१ उजाडले.

आम्हा मराठी माणसांनाही हा अनुभव नवा नाही. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र आकडा मिळाला तो २००८ मध्ये. तोपर्यंत लोक ‘अ’वर चंद्र चढवून वेळ भागवीत होते.

या पटावर नाव आपोआप चढत नाही. लेखी मागणी करावी लागते, अक्षर वापरात असल्याचा पुरावा जोडावा लागतो. ज्या भाषेमागे शासन, शाळा आणि छापखाने आहेत, तिला पुरावा हाताशीच सापडतो. ज्या बोलीत अजून फारसे छापलेच गेले नाही, तिने तो कोठून आणावा? बदली कामगाराला कायम करताना नेमका हाच पेच पडतो.

तरी या नियमांत एक गोष्ट न्यायाची आहे. एकदा दिलेला आकडा पुन्हा काढून घेता येत नाही. ४९९२ वरचे ते ‘म्व’ आता कायम झाले आहे.