अदृश्यतेचे आवरण : प्रकाशाला वळसा घालायला लावणारे पदार्थ

एखादी वस्तू आपल्याला दिसते, कारण तिच्यावरून परतलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो. मग सगळा प्रकाश शोषून घेणारी काळीकुट्ट वस्तू अदृश्य होईल का? नाही. तिच्यामुळे मागचे दृश्य अडते आणि तिची सावलीही पडते. म्हणजे खऱ्या अदृश्यतेसाठी दोन अटी आहेत : वस्तूवरून प्रकाश परत येता कामा नये आणि मागून येणारा प्रकाश अडता कामा नये. रडारला चकवणारी स्टेल्थ विमाने पहिली अट बऱ्याच अंशी पाळतात, दुसरी पाळत नाहीत. दोन्ही अटी पाळणाऱ्या आवरणाला अदृश्यता आवरण म्हणतात.

प्रकाश वाकतो कसा?

माध्यमात प्रकाशाचा वेग किती कमी होतो, हे त्याच्या अपवर्तनांकावरून कळते. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ आहे. हा अंक जागोजागी बदलत गेला, तर प्रकाशाची वाट वाकते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसणारे मृगजळ हे त्याचेच उदाहरण. रस्त्यालगतची हवा तापून विरळ होते आणि आकाशाकडून येणारा प्रकाश वक्र मार्गाने डोळ्यांत येतो. अपवर्तनांक हवा तसा बदलता आला, तर ओढ्याचे पाणी दगडाला वळसा घालून पुढे जाते, तसा प्रकाशही वस्तूला वळसा घालून पुन्हा मूळ दिशेने जाऊ शकेल. अडचण अशी की, त्यासाठी लागणारे गुणधर्म नैसर्गिक पदार्थांत सापडत नाहीत.

मेटामटेरियल म्हणजे काय?

ही उणीव मेटामटेरियल भरून काढतात. नेहमीच्या पदार्थाचे गुणधर्म त्यातील अणू-रेणूंवर ठरतात, तर मेटामटेरियलचे गुणधर्म त्यातील सूक्ष्म रचनांच्या आकारावर आणि मांडणीवर ठरतात. या रचना तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान असाव्या लागतात. तसे असले की तरंगाला त्या सुट्या जाणवत नाहीत, सलग पदार्थच जाणवतो.

या कल्पनेची मुळे जुनी आहेत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांमधून विद्युतचुंबकीय तरंग पाठवून त्यांच्या ध्रुवणाचे प्रतल फिरवून दाखवले होते. १९६०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हिक्टर वेसेलागो यांनी ऋण अपवर्तनांकाचा सिद्धांत मांडला. पुढे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे जॉन पेंड्री यांनी तांब्याच्या खाच असलेल्या कड्यांसारख्या रचनांपासून असे गुणधर्म कसे मिळवता येतील, ते दाखवले.

पहिला प्रयोग

२००६ मध्ये पेंड्री, डेव्हिड शुरिग आणि डेव्हिड स्मिथ यांनी अदृश्यता आवरणाचे गणित प्रसिद्ध केले. उल्फ लिओनहार्ट यांनीही त्याच वेळी स्वतंत्रपणे तशीच कल्पना मांडली. काही महिन्यांतच अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात आवरण तयार झाले. एकात एक बसवलेल्या दहा वर्तुळाकार पट्ट्यांवर तांब्याच्या सूक्ष्म रचना होत्या आणि मधोमध तांब्याचा नळकांड्याच्या आकाराचा तुकडा. ८.५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह त्याला वळसा घालून पुढे गेल्या. सावली आणि परावर्तन बरेच घटले, पण पूर्ण नाहीसे झाले नाही.

डोळ्यांपासून लपवणे अवघड का?

पहिला प्रश्न आकाराचा आहे. या मायक्रोवेव्हची तरंगलांबी सुमारे साडेतीन सेंटीमीटर असते, तर दृश्य प्रकाशाची साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. रचनाही तेवढ्याच प्रमाणात लहान कराव्या लागतात. शिवाय त्यातील धातू दृश्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. वळसा घालून आलेल्या प्रकाशाची वाट लांबची असते, तरीही तो सरळ आलेल्या प्रकाशाशी ताल जुळवूनच बाहेर पडला पाहिजे; नाहीतर आवरण उघडे पडते. त्यासाठी आवरणात तरंगाची शिखरे निर्वातातील प्रकाशापेक्षा जास्त वेगाने सरकावी लागतात. एकाच वारंवारतेसाठी हे शक्य आहे. त्यात सापेक्षतावादाचा भंग होत नाही, कारण ऊर्जा किंवा संदेश त्या वेगाने जात नाही. पण सूर्यप्रकाशातील सर्व रंगांसाठी एकदम हे साधत नाही. तांबड्या रंगाला न दिसणारी वस्तू निळ्यात उठून दिसू शकते.

आणखी एक गंमत : आतल्या माणसापर्यंत प्रकाशच पोहोचत नसल्यामुळे त्यालाही बाहेरचे काही दिसणार नाही.

सोपे पर्याय

२००८ मध्ये पेंड्री आणि जेन्सन ली यांनी ‘गालिचा आवरण’ सुचवले. यात वस्तू हवेत लपवायची नसते. तिच्यावरचा फुगवटा सपाट आरशासारखा भासवायचा असतो. २०११ मध्ये कॅल्साइट या नैसर्गिक स्फटिकापासून अशी आवरणे बनवून डोळ्यांना दिसतील एवढ्या वस्तू दृश्य प्रकाशात लपवण्यात आल्या, मात्र विशिष्ट ध्रुवणाच्या प्रकाशापुरत्याच. २०१५ मध्ये बर्कली येथील गटाने सोन्याच्या नॅनो-रचनांचे केवळ ८० नॅनोमीटर जाडीचे आवरण केले. त्याने काही दशक मायक्रोमीटर आकाराची वस्तू ७३० नॅनोमीटरच्या प्रकाशात लपवली.

उपयोग काय?

अंगावर पांघरून फिरता येईल अशी अदृश्य शाल आज तरी आवाक्यात नाही. मात्र या शोधातून हाती आलेली तरंगांची वाट आखण्याची पद्धत आज अतिशय पातळ भिंगे आणि ॲंटेना बनवण्यासाठी वापरली जाते. तेच गणित ध्वनी आणि भूकंपाच्या तरंगांनाही लावून पाहिले जात आहे. वस्तू लपवण्यापेक्षा धक्क्याच्या लाटा इमारतीपासून दूर वळवणे, हा त्याचा अधिक मोलाचा उपयोग ठरू शकतो.