कुर्ल्याच्या गाड्या आणि कोरे फॉर्म

कुर्ल्यात लालबहादूर शास्त्री मार्गाच्या बाजूला आज कोहिनूर सिटी उभी आहे, तिथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली. १९४७ पासून तिथे डॉज आणि प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या, पुढे फियाट आली. त्याच कुर्ल्यात सीएसटी रोडला जुन्या गाड्या खोलून सुटे भाग विकणाऱ्यांचे गाळे, डेंटिंग-पेंटिंगवाले आणि भंगारवाले. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझी उमेदीची वर्षं या दोन रस्त्यांच्या मधे गेली. अपघाताची गाडी बघायची, नुकसानीचा आकडा काढायचा आणि गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर तसं लिहून द्यायचं, हे माझं काम. जुन्या गाड्यांचा बाजार मी पाहिला तो हातात टॉर्च घेऊन, गाडीच्या खाली वाकून.

आज पहिली गाडी जुनी घेणाऱ्या तरुणांना भीती वाटते ती इंजिनाची. माझ्या मते खरं भय कागदाचं आहे, आणि ते आजचं नाही. त्याचं मूळ टंचाईच्या काळात आहे.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार सरकारने ठरवलं की ज्यांना गाडी इथे बनवायची आहे त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावं. शिवडीची जनरल मोटर्सची जोडणी बंद झाली, फोर्डही गेली. सामान्य माणसाच्या वाट्याला उरल्या अँबॅसडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. १९५९ मध्ये गाड्यांच्या वाटपावर नियंत्रण आदेश आला, १९६९ मध्ये किमतीही सरकारने बांधल्या. त्या बांधलेल्या किमतींविरुद्ध कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७५ मध्ये किमतीवरचं नियंत्रण उठलं. पण रांग काही उठली नाही. नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत.

नियंत्रण होतं तोवर नव्या गाडीची किंमत बांधलेली, जुनीची मोकळी. त्यामुळे बऱ्या स्थितीतली वापरलेली फियाट नव्या फियाटच्या कंपनी-दरापेक्षा महाग विकली जाई. ज्याचा नंबर लागे, तो गाडी हातात येताच वर ‘ऑन’ म्हणजे जादा रक्कम घेऊन ती दलालाला देई. दलाल ती आपल्या नावावर कशाला करून घेईल? त्याला पंधरा दिवसांत पुढचं गिऱ्हाईक मिळणार असे. मग मालकाकडून हस्तांतराच्या फॉर्मवर, टी.टी.ओ.वर, सही घ्यायची आणि घेणाऱ्याचं नाव, तारीख कोरी ठेवायची. असा फॉर्म गाडीबरोबर या हातातून त्या हातात फिरे. शेवटचा माणूस त्यात आपलं नाव भरी, किंवा भरतही नसे. मालकी बदलल्याचं कळवायला १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही सांगितलेलं होतं. पण बाजाराला ती सहीच पुरे वाटे. कोऱ्या सहीची ही सवय टंचाईतून जन्मली आणि टंचाई संपल्यावरही गेली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या काळात गाडी पारखणं मात्र सोपं होतं. फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, स्टिअरिंगशेजारी हातगिअर. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं तरी आत फारसा फरक नव्हता. सायलेन्सरमधून निळा धूर आला की पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन ऑइल जाळतंय. चुंबक चिकटलं नाही तिथे पत्र्यावर पुट्टी. दाराचं रबर उचकटलं की जुना रंग दिसे; तिथे काळा-पिवळा सापडला तर गाडी टॅक्सीतून आलेली. मुंबई-पुण्यात ‘पारशी मालकाची गाडी’ म्हटलं की भाव चढे. पारशी माणूस गाडीला घरच्यासारखं जपतो ही ख्याती होती आणि बऱ्याचदा ती खरीही असे. दलाल मात्र हे विशेषण इतक्या सढळ हाताने लावत, की शेवटी आरसी बुक उघडून नाव वाचल्याशिवाय मी त्यावर विश्वास ठेवत नसे.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० च्या पहिल्या किल्ल्या मालकांच्या हाती गेल्या आणि हळूहळू रांग सरली. नव्वदीत कर्जं सोपी झाली. कर्जावरच्या गाडीच्या आरसीवर बँकेचं नाव चढतं, त्याला बाजारात ‘एचपी’ म्हणतात. कर्ज फिटलं तरी बँकेचं पत्र आणि पस्तीस नंबरचा फॉर्म आरटीओत देऊन एचपी काढावी लागते, हे पुष्कळांना माहीतच नसतं. अशी गाडी घेणारा अडकतो: पैसे दिलेले, गाडी दारात, आणि नावावर होत नाही.

मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, मिठी नदी फुगली, कुर्ला, कलिना पाण्याखाली. पुढचे कित्येक महिने आम्ही सर्व्हेअर बुडालेल्या गाड्याच बघत होतो. एक फरक तेव्हा मला स्पष्ट दिसला. जुनी पद्मिनी बुडाली तर तिचं ऑइल बदलून, डिस्ट्रिब्युटर सुकवून, गाद्या उन्हात टाकून ती पुन्हा चालू होई. नव्या गाड्यांत संगणक आला होता, पायापाशी तारांचे जुडगे होते. तिथे पाणी शिरलं की वरून काही दिसत नाही, पण कनेक्टरच्या पितळेवर हिरवा-पांढरा गंज महिनोन् महिने वाढत राहतो. पाण्यातच चावी फिरवणाऱ्यांच्या इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकले. पाणी दाबलं जात नाही, लोखंड वाकतं.

यातल्या अनेक गाड्या धुऊन-पुसून, सुगंधी फवारा मारून बाहेरच्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. त्या ओळखायची खूण मी आजही सांगतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, कारण तो गुंडाळीतला भाग कुणी धूत नाही. सीटच्या रुळाखाली बोट फिरवा, गाळ लागतो का पाहा. सीटचे बोल्ट आणि हेडलाइटच्या आतला धुरकटपणा बघा. दर पावसाळ्यानंतर हे करावं, मग ती गाडी चेन्नईची असो वा सांगली-कोल्हापूरची.

त्याहून वाईट प्रकार भंगाराचा. गाडी पूर्ण नुकसानीत गेली की तिचा सांगाडा लिलावात विकला जाई, आणि सोबत आरसीही जाई. वाहन कायमचं निकामी झालं तर मालकाने चौदा दिवसांत कळवावं आणि नोंदणी रद्द व्हावी, असं १९८८ च्या कायद्याचं पंचावन्नावं कलम सांगतं. ते फारसं पाळलं जात नसे. मग त्या कागदावर त्याच रंगाची, त्याच मॉडेलची चोरीची गाडी उभी राही. चॅसिसचा आकडा असलेला पत्र्याचा तुकडा कापून जोडलेला. त्या आकड्याभोवतीचा रंग आणि वेल्डिंग नीट न बघता गाडी घेऊ नये, हे मी माझ्या भाच्यांनाही बजावलं आहे.

परदेशातून जुनी गाडी आणायचं स्वप्न आपल्याकडे कायम महागच राहिलं. २००१ मध्ये आयातीवरचे निर्बंध सैल झाले, तरी वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, उजव्या स्टिअरिंगची हवी आणि मुंबई बंदरातूनच यावी अशा अटी आल्या, वर भरमसाट शुल्क. पळवाट इथेही कागदाचीच निघाली. राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावाने करमुक्त आणलेल्या महागड्या गाड्या इतरांना विकणारी टोळी २०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडली.

कोऱ्या सहीची किंमत किती, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालातून दिसतं. एका माणसाने २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे आणखी हातांत गेली, पण आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये मागे घेताना त्या गाडीखाली एक मुलगा गेला. न्यायालयाने म्हटलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्यानेच द्यायची. गाडी विकून जवळपास दोन वर्षं झालेला माणूस त्या अपघाताला जबाबदार ठरला. हा निकाल मला कठोर वाटतो, पण बरोबरही वाटतो. मुलाच्या आईवडिलांनी दलालांची साखळी शोधत फिरायचं का?

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि गाडी त्यांच्या ताब्यात गेल्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. तेवढा काळ जबाबदारी त्यांची. मधल्या दलालाला कायद्याने पहिल्यांदाच नाव दिलं. हा नियम यायला फार उशीर झाला, पण आला हे उत्तम झालं.

तेव्हा पहिल्यांदा गाडी घेत असाल तर विक्रेत्याचं प्रमाणपत्र मागा. चॅसिस आणि इंजिनाचा आकडा आरसीशी स्वतः ताडून बघा. एचपी उतरलेली हवी, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर अठ्ठावीस नंबरचा ना-हरकत दाखला हवा. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. थोडी रक्कम हातात राखून ठेवा आणि परिवहन संकेतस्थळावरच्या नोंदीत तुमचं नाव दिसल्यावरच ती द्या. आणि आपली गाडी विकत असाल, तर एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय सही करू नका, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी.