शह, मात आणि चेक

चेक, मेट आणि स्टेलमेट हे इंग्रजी बुद्धिबळातील शब्द एकाच कुळातले वाटतात, पण त्यांचे नाते वाटते तितके सरळ नाही. चेक हा फारसी 'शाह', म्हणजे राजा, या शब्दाचा जुन्या फ्रेंचमधून आलेला अवतार असून मराठी 'शह' हाही त्याच शाहचा वंशज आहे. मेट आणि मात यांचेही मूळ एकच. फारसीत मात म्हणजे निरुपाय झालेला. पुढे अरबीतील 'मेला' या क्रियापदाशी त्याची गल्लत झाली, तरी खेळाला पहिलाच अर्थ जुळतो, कारण पटावरचा राजा मारला जात नाही, तो अडकतो. स्टेलमेटमधील मेट मात्र फसवे आहे. राजाला शह लागलेला नाही, पण नियमात बसणारी एकही खेळी उरलेली नाही, अशा कोंडीचे ते नाव; आज ती बरोबरी ठरते, पण सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडात अशी कोंडी करणाराच हरला असे मानत.

सोंगट्यांच्या नावांत अधिक गुंता आहे, आणि तो उलगडायला मराठवाड्यातला एक धागा उपयोगी पडतो. पैठणहून सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट काशीला जाऊन स्थायिक झाले. त्यांचे पणतू नीलकंठभट्ट यांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा, म्हणजे प्रकरणग्रंथांचा, धर्मशास्त्रीय निबंध रचला आणि त्यातील 'नीतिमयूखा'त राजनीतीच्या सोबतीने बुद्धिबळही वर्णिले. त्या पटावर कोपऱ्यात हत्ती, शेजारी घोडा आणि त्यापुढे उंट असतो; मराठी घरांतली मांडणी आजही हीच आहे. इंग्रजी पटावर त्याच कोपऱ्यातला रूक हा फारसी रुख, म्हणजे रथ, आणि उंटाच्या घरातील बिशप हा अरबांकडे 'अल्-फील', म्हणजे चक्क हत्ती होता. तेव्हा हत्ती म्हणजे रूक, एवढे लिहून शब्दकोशाचे भागत असले, तरी इतिहासाचे भागत नाही.

पटाबाहेर या शब्दांच्या वाटा आणखी फाकल्या. मराठीत शह राजकारणात गेला आणि त्याला काटशह मिळाला. मात रोगावर आणि संकटावर होऊ लागली. इंग्लंडात मात्र बाराव्या शतकात राजाचा हिशेब चौकटीच्या कापडावर मांडत, त्यावरून खजिन्याच्या कचेरीला एक्सचेकर म्हणू लागले, आणि चेक हा शब्द तपासणीकडे व पुढे धनादेशाकडे वळला. बँकेत चेक भरणारा मराठी माणूस म्हणूनच शह हा शब्द दोन वाटांनी वापरतो, एकदा थेट फारसीतून आलेला आणि एकदा इंग्रजीतून फिरून आलेला.