कच्चं मडकं आणि फुसका बार

तोतया म्हटलं की मराठी माणसाला आठवतो तो भाऊसाहेबांचा तोतया. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. ते गेले हे पार्वतीबाईंच्या मनानं कधी घेतलंच नाही. पुढे काही वर्षांत एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. पकडला गेला, कैदेत पडला, रत्नागिरीहून सुटला आणि १७७६ मध्ये कोकणात त्यानं असं बंड उभं केलं की पेशवाईची झोप उडाली. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी पुढे त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं.

हा झाला खरा तोतया. आपण ते नाही हे त्याला पक्कं ठाऊक, तरी छातीठोकपणे दावा सांगणारा. पण मंडळी, आज मला लिहायचंय ते उलट्या तोतयांबद्दल. म्हणजे जे आहेत ते खरेच आहेत, कष्टानं तिथवर पोचलेत, पण मनात सतत धाकधूक... आपण इथं चुकून आलोय, एक दिवस पितळ उघडं पडणार!

निमित्त आमच्या भाचीचं. तेरखेड्यात शाळा शिकली, पुढे इंजिनीअर झाली, आता पुण्यात नोकरीला आहे. काम चोख, दोनदा बढती. परवा फोनवर म्हणाली, "मामा, इथं सगळे फाडफाड इंग्रजी बोलायलेत. मीच कशी घुसले काय माहीत. कळलं ना यांना एक दिवस, की संपलं." नोकरी सोडून गावी यायच्या गोष्टी करत होती. म्हणून हा विषय डोक्यातून जाईना.

या धाकधुकीला नाव मिळालं १९७८ साली. अमेरिकेत अटलांटामध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांशी झालेल्या कामावरून एक निबंध लिहिला. कुणी डॉक्टरेट मिळवलेली, कुणी आपापल्या क्षेत्रात नावाजलेली. आणि यांचं म्हणणं काय, तर परीक्षकांची चूक झाली, नशीब होतं, लोकांना आम्ही कसंबसं फसवलंय. 'इम्पोस्टर सिंड्रोम' हा शब्द नंतर रूढ झाला. त्या दोघींनी 'फिनॉमेनन' म्हटलं होतं, म्हणजे आढळून येणारी गोष्ट. तो आजार नाही, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. सोलापूर-धुळे महामार्गावरचं, वाशी तालुक्यातलं आमचं तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं. आणि याच धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. ते गोरोबाकाकांचं गाव, मडक्यांचं.

तेरची ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताईनं कुंभाराचं थापटणं पाहिलं आणि विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, यानं कुठलं मडकं कच्चं, कुठलं पक्कं ते कळतं. मग आमच्यातलं कच्चं कोण तेही बघा की! काका एकेकाच्या डोक्यावर थापटी मारत गेले. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं.

इतिहासकार या प्रसंगाची तारीख लावायला बसणार नाहीत, ही परंपरेनं जपलेली कथा आहे. आणि नामदेवांना इम्पोस्टर सिंड्रोम होता असंही मला म्हणायचं नाही. त्यांना तर उलट विठ्ठलाच्या जवळिकीची जरा जास्तच खात्री होती! मला महत्त्वाचा वाटतो तो गोरोबाकाकांचा शब्द. त्यांनी 'कच्चं' म्हटलं, 'खोटं' म्हटलं नाही.

कच्चं मडकं खोटं नसतं. माती तीच, चाक तेच, फक्त आवा राहिलेला. नामदेव रडले, विठ्ठलाकडे गाऱ्हाणं नेलं आणि मग औंढ्या नागनाथाला जाऊन विसोबा खेचरांकडे शिकले. पुढे हाच माणूस थेट पंजाबात पोचला. त्यांची ६१ पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते त्यांच्याच कर्मभूमीत.

आमच्या गावचा माल मात्र वेगळा. फटाक्याची परीक्षा एकदाच. वात पेटली की एक तर बार उडतो, नाहीतर फुसका निघतो. फुसक्या बाराला दुसरी संधी नाही. माझी भाची, आणि तिच्यासारखी कितीतरी पोरं, स्वतःला फटाका समजतात. प्रत्येक मीटिंग म्हणजे पेटलेली वात. खरं तर ती मडकी आहेत. कुठं थोडी कच्ची असतील, तर ती भाजता येतात.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. थापटणं कुणाच्या हातात आहे हेही बघावं लागतं. काकांनी सगळ्यांची डोकी एकाच मापानं तपासली. पंढरपुरात चोखोबांची भक्ती कुणी तपासलीच नाही, जात पाहून त्यांना दाराबाहेर ठेवलं. मंगळवेढ्याला भिंत कोसळून ते गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरीला आणल्या असं परंपरा सांगते, आणि समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे. आपण बाहेरचे आहोत हा काही चोखोबांच्या मनाचा खेळ नव्हता. दार खरंच बंद होतं. रुचिका तुलश्यान आणि जोडी-अ‍ॅन ब्युरी यांनी २०२१ मध्ये साधारण हाच मुद्दा मांडला, की दोष दर वेळी बाईच्या मनात शोधू नका, ती काम करते ती जागाही बघा. तेव्हा भाचीच्या 'करायलेत'ला कुणी हसत असेल, तर तो तिचा सिंड्रोम नव्हे.

मग करायचं काय? क्लान्स-आइम्स यांनी दोन साध्या गोष्टी सुचवल्या होत्या. एक, अशा माणसांनी एकत्र बसून बोलावं. दुसरीची हुशारी आपल्याला लख्ख दिसत असते आणि ती मात्र स्वतःला ढ म्हणत असते. ते ऐकलं की आपलंही हसू येतं. तेरला तरी काय, सगळे एकत्रच बसले होते ना! दुसरी गोष्ट वहीची. कुणी शाबासकी दिली की ती लिहायची, आणि आपण ती कशी झटकून टाकली तेही लिहायचं. 'साहेबांचा मूड चांगला होता', 'काम सोपंच होतं'... महिनाभरात आपल्याच सबबींचा कंटाळा येतो.

असो. भाचीला सांगितलंय, राजीनामा नंतर बघू, आधी एक वही घे. पहिल्या पानावर त्या दोन बढत्या लिही, तारखेसकट. आणि जे खरंच येत नाही त्याची यादी मागच्या पानावर कर. त्या यादीच्या वर 'खोटं' लिहू नकोस, 'कच्चं' लिही.