अंगठीतून जाणाऱ्या शालीचा हिशेब

लेसची शाल विणायला घ्यायची म्हटलं की आपण शे-दीडशे टाके सुईवर घालतो आणि खालून वर विणत सुटतो. शेटलंडच्या बायकांची जुनी रीत वेगळी होती. आधी विणायचा तो फक्त काठ. थोड्याच टाक्यांची दातेरी पट्टी, पण शालीच्या चारही बाजूंना पुरेल इतकी लांब. तिच्या सरळ कडेवरून टाके उचलून किनार विणायची, किनारीतून मधला चौकोन, आणि शेवटी जोड सुईनं असे सांधायचे की शिवण दिसता कामा नये. टाके बंद केल्याची घट्ट कड बाहेर कुठे ठेवायचीच नाही, कारण धुतलेली शाल चौकटीवर ताणताना ती कड ताण खात नाही आणि सगळा आकार बिघडवते.

सध्या माझ्या सुयांवर असाच एक काठ आहे. उभा जन्म बँकेत खातेवह्या तपासण्यात गेला, त्यामुळे नमुना हातात घेतला की त्याचा जमाखर्च शोधल्याशिवाय मला राहवत नाही. या शालीचा जमाखर्च तर चांगलाच वाचण्यासारखा आहे.

शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्याही उत्तरेला समुद्रात विखुरलेली बेटं. त्यांतलं वस्ती असलेलं अगदी उत्तरेकडचं बेट अन्स्ट, आणि तलम लेसचं नाव निघालं की अन्स्टचंच निघतं. तिथली मेंढी लहानखुरी. उन्हाळ्याच्या तोंडावर तिची लोकर आपोआप सुटी व्हायला लागते, तेव्हा ती कातरत नसत, हातानं उपटून घेत. मानेजवळची सगळ्यात मऊ लोकर लेससाठी बाजूला काढायची, विंचरायची आणि चरख्यावर केसासारखी बारीक कातायची. विणून झालेली पांढरी शाल गंधकाच्या धुरीवर धरून आणखी शुभ्र करत. सहा फुटांची चौरस शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढून दाखवायची, ही तिची ख्याती.

विणणारीच्या कमरेला कातड्याचा पट्टा असे. त्यात घोड्याचे केस ठासून भरलेली, भोकं पाडलेली एक उशी. सुईचं एक टोक भोकात रोवलं की सुई धरण्यापासून हात मोकळा होतो आणि धागा भराभर फिरवता येतो. उभ्यानंही विणता येतं, चालतानाही. पाठीवर जळणाची टोपली घेऊन माळावरून घरी येताना विणत चाललेल्या बायकांचे जुने फोटो आहेत. आपल्याकडे लोकलच्या लेडीज डब्यात बायका गवार मोडत यायच्या, त्यातलाच प्रकार. पाठीवर ओझं असताना त्या साधे मोजे वगैरे विणत असणार. तलम लेस मात्र बसून, उजेडात, धुतलेल्या हातांनीच विणावी लागते. हे मी अनुभवानं सांगते.

ही लेस काही फार पुरातन नाही. मोजे विणून विकण्याचा धंदा बेटांवर जुनाच. लेस आली ती 1830-40 च्या सुमारास. ती लंडनच्या बाजारात नेणाऱ्यांत ऑक्सफर्डचा व्यापारी एडवर्ड स्टँडन होता. दुसरं नाव आर्थर अँडरसन यांचं. शेटलंडमधल्याच लर्विक गावी जन्मलेल्या या गृहस्थांनी तरुण व्हिक्टोरिया राणीला शेटलंडचं तलम विणकाम भेट म्हणून पाठवलं, आणि मग दरबारी बायकांना ते हवंसं वाटू लागलं. हेच अँडरसन पी अँड ओ बोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. मुंबईची विलायती टपाल वाहणारी, पुढे माझगाव गोदीची मालकी असलेली, आणि जिच्या 'मोरिया' बोटीतून 1910 साली सावरकरांनी मार्सेलिसला उडी मारली, तीच ही कंपनी. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात शेटलंडची लेस मांडली गेली आणि तिचं नाव झालं.

नाव झालं, पण पैसे कुणाला मिळाले?

1872 साली सरकारनं विल्यम गथ्री नावाच्या आयुक्ताला चौकशीसाठी बेटांवर पाठवलं. मजुरी मालाच्या रूपात देण्याला 1831 च्या कायद्यानं बंदी होती, पण ती ठरावीक धंद्यांपुरतीच. घरी बसून विणणाऱ्या बायका त्यात बसत नव्हत्या. गथ्रीसमोर त्यांनी जे सांगितलं ते असं: शाल दुकानात न्यायची, दुकानदार किंमत ठरवणार, आणि तेवढ्या किमतीचा चहा किंवा कापड देणार. रोख मागितली तर मिळत नाही. लगेच माल नको असेल तर चिठ्ठी, आणि तीही त्याच दुकानात चालणार. अंगावर चांगलं कापड, पण घरात पीठ नाही, अशी अवस्था. मग मिळालेला चहा शेतकऱ्याच्या घरी नेऊन त्याच्या बदल्यात पीठ-बटाटे आणायचे, तेही घाट्यात.

व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं की शालीवर आम्हाला काही सुटत नाही, नफा होतो तो दुकानातल्या मालावर. हे वाक्य माझ्यासमोर कर्जाच्या प्रकरणात आलं असतं, तर मी फाइल परत पाठवली असती. शालीचा भाव फक्त कागदावर, आणि तो भाव ज्या चहात फेडायचा त्याची किंमतही तोच दुकानदार ठरवणार. जमा आणि नावे, दोन्ही बाजू एकाच माणसाच्या हातात.

बायका हे का सोसत होत्या? पुरुष समुद्रावर, आणि समुद्राचा भरवसा नाही. 1881 च्या जुलैत एका वादळात ग्लूप गावाजवळच्या मासेमारीत 10 होड्या आणि 58 माणसं बुडाली. मागे राहिलेल्या विधवांना विणकाम सोडून दुसरं काय होतं? अँडरसननी लर्विकमध्ये दर्यावर्दींच्या विधवांसाठी घरं बांधली, ती काही उगाच नाही.

1887 मध्ये कायदा दुरुस्त झाला, तरी ही पद्धत पुढे बरीच वर्षं रेंगाळली. लेसची चलती ओसरली. 1920 नंतर प्रिन्स ऑफ वेल्सच्या अंगावर दिसलेल्या रंगीत फेअर आइल स्वेटरना मागणी आली आणि बऱ्याच जणी तिकडे वळल्या. 1970 च्या दशकात समुद्रात तेल सापडलं, रोख पगाराच्या नोकऱ्या आल्या, आणि विणकाम पोटापाण्याचं साधन राहिलं नाही. काही जण याबद्दल हळहळतात. मी हळहळत नाही. महिन्याच्या महिन्याला पगार मिळत असेल तर कुठलीही शहाणी बाई तोच घेईल.

गथ्रीचा अहवाल आणि सगळ्या साक्षी आज फुकट वाचायला मिळतात. प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर, अशी पानंच्या पानं. शेटलंडची शाल विणायला घेणार असाल, तर नमुन्याचं पुस्तक उघडण्याआधी विणणाऱ्या बायकांची उत्तरं तेवढी वाचून काढा.